दोनदा पातळ करायचं औषध

पहिल्या दिवशी सिस्टरांनी मला हिंदीत झापलं. दुसऱ्या दिवशी माझ्या कोटावरचं आडनाव वाचलं आणि तेव्हापासून मराठीत झापायला लागल्या. यात माझी सोय पाहिली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ऑपरेशन थिएटरमध्ये बाकी कुणालाच मराठी येत नव्हतं. त्यामुळे डॉक्टरचा पाणउतारा चाललाय की गावाकडची खुशाली विचारली जातेय, हे कुणाला कळायचं नाही. फक्त मला कळायचं, आणि तेही सगळं नाही.

कारण माझं मराठी दिल्लीचं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बालपण सरकारी क्वार्टरमध्ये. घरात मराठी आणि दार उघडलं की हिंदी. सिस्टर सातारच्या बाजूच्या एका खेड्यातल्या. नवरा फौजेत, म्हणून त्या दिल्ली कँटोन्मेंटला आल्या, नर्सिंगची नोकरी धरली आणि नवरा सुभेदार होऊन निवृत्त झाला तरी इथेच राहिल्या. नोएडातल्या आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात थिएटर त्यांच्या ताब्यात होतं. मी तिथे नवीन लागले त्या आठवड्यातली गोष्ट. ऑपरेशनच्या आधी मी पावडर लावलेले हातमोजे चढवले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मोजे विसळून घ्या."

'विसळणे' हा शब्द मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. मला ऐकू आलं 'विसरा'. मोजे विसरा, म्हणजे काढा. काहीतरी नवीन पद्धत असेल असं समजून मी निमूटपणे मोजे काढले आणि उघडे हात वर धरून उभी राहिले.

सिस्टरांनी माझ्या उघड्या हातांकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, घरी कधी कपबशी धुतलीय का?"

खरं सांगायचं तर धुतली नव्हती. पण त्या वेळी मी असा चेहरा केला, की हा प्रश्न माझ्या पदव्यांना शोभत नाही. पदव्या माझ्या तीन होत्या आणि तिन्ही मी ईमेलच्या खाली लिहायचे, अगदी वडिलांना पाठवलेल्या ईमेलच्याही.

सिस्टर ठेंगण्या. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, खाली मास्क, त्यामुळे दिसायचे ते फक्त डोळे. त्यांना साडीत पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या घरी हळदीकुंकवाला. मी ओळखलंच नाही, त्यांच्या जावेलाच वाकून नमस्कार केला. जेवायला बसायच्या आधी सिस्टर हात धुवायला गेल्या आणि कोपरापर्यंत घासून, दोन्ही हात छातीसमोर उभे धरून परत आल्या. पाणी कोपरावरून फरशीवर टपटप गळत होतं. सुभेदारसाहेब मला म्हणाले, "आमच्याकडं टॉवेल आहे हो. पण ही वाट बघते, कुणीतरी निर्जंतुक करून हातात देईल म्हणून."

त्यांची सगळ्यात विचित्र सवय म्हणजे लग्नाची चौकशी. ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या डोळ्यात तपकिरी आयोडीनचे थेंब घालतात. पापण्यांवर आणि डोळ्याच्या पृष्ठभागावर जे जंतू असतात ते त्याने मरतात. पण लगेच नाही, तीन मिनिटं तरी थांबावं लागतं. बाकीच्या थिएटरांत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. सिस्टर थेंब घालायच्या आणि पेशंटच्या कानाशी वाकून विचारायच्या, "अच्छा, बताइए, शादी कैसे तय हुई थी?"

माणूस टेबलावर आडवा, तोंडावर कापड, जीव मुठीत, आणि हा प्रश्न. पण एकही जण गप्प राहिलेला मला आठवत नाही. कुणी बुलंदशहरच्या मामाबद्दल सांगायचं, कुणी फोटो बदलला गेल्याबद्दल. तीन मिनिटं झाली की सिस्टर जिथे असेल तिथे गोष्ट तोडायच्या. "बस. बाकी पट्टी खोलने के दिन." दुसऱ्या दिवशी पट्टी काढायच्या वेळी पेशंटला आपल्याला किती दिसतंय यापेक्षा उरलेलं लग्न सांगायची घाई असायची. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, यापेक्षा घड्याळ सोपं नाही का?" तर म्हणाल्या, "घड्याळाकडं बघणारा माणूस अडीच मिनिटांनाच तीन झाली म्हणतो. लग्नाचं बोलणारा घाई करत नाही."

दुसरा त्यांचा कार्यक्रम बाहेरच्या बाकावर, नातेवाइकांसाठी चालायचा. ऑपरेशन संपताना आम्ही डोळ्याच्या आत अँटिबायोटिकचा एक बारीकसा डोस सोडतो, एका मिलिलिटरचा दहावा भाग. कुणीतरी हमखास विचारायचं, सुई कशाला, थेंब किंवा गोळी द्या की. माझ्याकडे याचं उत्तर होतं. त्यात कॉर्निया होता, रक्त आणि डोळ्यातलं पाणी यांच्यामधला अडसर होता, आणि तिसऱ्या वाक्याला नातेवाईक माझ्या बुटांकडे बघायला लागायचे. मग सिस्टर पुढे व्हायच्या.

"देखो जी," त्या सांगायच्या, "आँख है छावनी. ड्रॉप डाला, तो समझो चिट्ठी गेट पर दे दी. संतरी ने रख ली, अंदर थोड़ी-सी पहुँची. गोली खाई, तो समझो राशन की गाड़ी पूरे शहर में घूमी, छावनी का फाटक फिर भी बंद. और दुश्मन अंदर घुस गया हो तो? इसलिए हम अपना सिपाही सीधे अंदर छोड़कर दरवाज़ा लगाते हैं. बस."

नातेवाईक माना डोलवायचे. मी बाजूला तीन पदव्या घेऊन उभी.

पण हा शिपाई फार सांभाळून पाठवावा लागतो. आता डोळ्यासाठी तयार कुप्या सर्रास मिळतात. तेव्हा आमच्याकडे पावडर यायची, शिरेतून द्यायच्या औषधाची. ती दोनदा पातळ करावी लागे. आधी पावडर सलाईनमध्ये विरघळवायची. मग त्यातला एक भाग काढून पुन्हा नऊ भाग सलाईनमध्ये मिसळायचा. दुसरी पायरी राहिली तर डोळ्यात दहापट औषध जातं आणि आतल्या नाजूक पडद्याला त्याचा त्रास होतो. हे काम सिस्टर स्वतः करायच्या, मोठ्याने बोलत करायच्या आणि सिरिंज हातात देण्यापूर्वी डॉक्टरकडून वदवून घ्यायच्या. कुठलं औषध, कितीदा पातळ केलं, किती देणार. रोज, प्रत्येक पेशंटला. मी कंटाळून म्हणायचे, "माहीत आहे हो."

"माहीत आहे म्हणू नका. आकडा सांगा."

हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टरांना सगळे मोठे सर म्हणायचे. तेही शाळकरी पोरासारखे आकडा सांगायचे. मला मात्र तो अपमान वाटायचा.

त्या डिसेंबरात मी एका परिषदेत निबंध वाचून आले. विषय होता, ऑपरेशनच्या वेळी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक कसं पोचतं. स्लाइड चाळीस, टाळ्या बेताच्या, पण मला त्या खूप ऐकू आल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी सकाळी इतकं धुकं पडलं, की समोरची इमारत दिसेना. साडेआठ वाजले तरी सिस्टरांचा पत्ता नव्हता. फोन आला, बस मुंगीच्या पावलांनी चाललीय, तास तरी लागेल, तोवर थांबा.

मी थांबले नाही. उगाच का थांबायचं? सिस्टरांशिवाय थिएटर चालतं हे एकदा दिसू दे, असं माझ्या मनात होतं. हाताखाली एक नवीन नर्स होती, केरळची, अबोल. औषध मीच तयार करायला घेतलं आणि करता करता तिला माझा निबंध सांगायला लागले. थेंब आत का पोचत नाहीत, गोळी का पोचत नाही, सगळं. ती बिचारी मान हलवत होती. पावडर विरघळली. मी अठराव्या स्लाइडवर होते. बोलणं संपलं तेव्हा औषध माझ्या दृष्टीने तयार होतं.

तीन ऑपरेशनं झाली. सुंदर झाली. तिसरे पेशंट होते एक शिंपी, बाजारात त्यांचं ब्लाउज आणि सलवार-कमीज शिवायचं छोटं दुकान होतं. सगळे त्यांना मास्टरजी म्हणायचे. दोन्ही डोळ्यांत पिकलेले मोतीबिंदू, सुईत दोरा जाईना म्हणून चार महिने दुकान बंद. टेबलावरून उतरताना त्यांनी माझे हात हातात घेतले. मी ते फार शांतपणे स्वीकारलं, जणू माझा हक्कच.

चौथा पेशंट टेबलावर झोपला होता तेव्हा सिस्टर आल्या. हात धुऊन, गाऊन चढवून ट्रेजवळ उभ्या राहिल्या. औषधाची वाटी उचलून दिव्यासमोर धरली आणि मराठीत विचारलं, "हे पिवळं का?"

मी म्हटलं, "असंच असतं."

"असं नसतं. पाण्यासारखं असतं. कुणी केलं?"

"मी."

"कितीदा पातळ केलं?"

"सिस्टर, माहीत आहे मला—"

"आकडा सांगा."

मी तोंड उघडलं. आकडा आला नाही. अठरावी स्लाइड आठवली, तिच्यावरचा निळा बाण आठवला, पण एक भाग काढून नऊ भागांत मिसळतानाचे माझे हात काही केल्या आठवेनात. आठवणार कसे? ते मी केलंच नव्हतं.

"किती जणांना गेलं?" त्यांनी विचारलं.

"तीन."

पुढचं मी जे बोलले ते लिहिताना आजही लाज वाटते. मी म्हटलं, "काही होणार नाही बहुतेक. उद्या तपासणीला येतीलच, तेव्हा बघू."

"उद्या?" सिस्टरांचा आवाज चढला नाही. त्यांनी चौथ्या पेशंटच्या डोळ्यावर पट्टी ठेवली, त्याला हिंदीत समजावलं की आज जरा वेळ लागेल, आणि मला म्हणाल्या, "ते तिघं बाहेर चहा पितायत. घरी जायच्या आत परत घ्या आणि डोळे आतून विसळा. विसळा म्हणजे काय ते कळतं ना आता?"

त्यांनीच मोठ्या सरांना बोलावलं. सर आले, वाटीकडे बघितलं, आणि विचारलं, "किसने बनाया?"

मी श्वास घेतला. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "सर, ट्रे मेरी है. जो ट्रे पर है, उसकी ज़िम्मेदारी मेरी."

आणि मी घेतलेला श्वास सोडून दिला. ती केरळची नर्स माझ्याकडे बघत होती, मी मायक्रोस्कोपचा पाय बघत होते.

तिघांचेही डोळे आतून धुतले. पहिल्या दोघांना काही झालं नाही. मास्टरजींची पट्टी दुसऱ्या दिवशी काढली तेव्हा त्यांनी बराच वेळ माझ्या चेहऱ्याच्या दिशेने बघितलं आणि म्हणाले, "पानी के अंदर से देख रहा हूँ जैसे." पडद्याला सूज होती. अशी सूज बऱ्याचदा उतरते. प्रत्येकाची उतरतेच असं नाही.

सिस्टरांना कार्यालयाकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. त्यांनी तो दोन ओळींत दिला: "ट्रेवरचं औषध चुकीचं होतं. ट्रे माझ्या ताब्यात असतो." त्यांनी औषध बनवलं असं कुठेही म्हटलं नव्हतं. पण त्यांनी बनवलं नव्हतं, असंही म्हटलं नव्हतं.

मी या काळात काय केलं? रोज सकाळी आरशासमोर मोठ्या सरांना सांगायची कबुली घोकली. ती फार छान झाली होती. इंग्रजीत होती. तिच्यात नैतिकता हा शब्द दोनदा येत होता. दुपारी सरांच्या केबिनपर्यंत जायचे, दारावरची पाटी वाचायचे आणि कँटीनमध्ये जाऊन राजमा-चावल खायचे. चार दिवस राजमा-चावल. पाचव्या दिवशी मी धीर करून सिस्टरांकडे गेले. त्या कपाटात गॉजचे गठ्ठे लावत होत्या.

"सिस्टर, मी सरांना खरं सांगावं म्हणते."

"मग?"

"म्हणजे... तुम्हाला चालेल ना?"

त्या वळल्या. मी त्यांना रागावलेलं शेकडो वेळा पाहिलं होतं, पण त्या दिवशीचा राग वेगळा होता. आवाज खाली गेला होता.

"मला कशाला विचारता? खरं बोलायला माझी परवानगी पाहिजे होय? ट्रे माझा, ते मी बोलले. औषध तुमचं, ते तुम्ही तिथंच बोलायचं होतं. मी थांबले होते. मला वाटलं, आत्ता बोलतील. मग वाटलं, संध्याकाळी बोलतील. मी काय तुम्हाला वाचवायला उभी नव्हते डॉक्टरीणबाई. मी तुमच्यासाठी जागा सोडली होती, आणि तुम्ही तिथं आलाच नाहीत."

मला रडू आलं. त्यांनी हातातला गॉजचा गठ्ठा पुढे केला, मग परत घेतला. "हे निर्जंतुक आहे," म्हणाल्या. "ओढणीनं पुसा."

मी ओढणीने डोळे पुसले आणि सरळ सरांकडे गेले. आरशासमोरचं इंग्रजी काही आठवलं नाही. "सर, औषध मी बनवलं होतं, दुसऱ्यांदा पातळ करायचं राहिलं, आणि मी तेव्हा गप्प बसले," एवढं हिंदीत कसंबसं सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "औषधाची चूक कुणाच्याही हातून होऊ शकते," ते म्हणाले. "पाच दिवसांची चूक होत नाही." मला तीन महिने ऑपरेशन करायला बंदी झाली. सिस्टरांचा खुलासा फाइलमधून काढून माझा लागला. माझा अडीच पानी होता. सरांनी तो परत पाठवून दोन ओळींत मागवला.

मग मास्टरजी. त्यांना फक्त एवढंच सांगितलं गेलं होतं, की औषध जास्त गेलंय. ते कुणी घातलं, हे त्यांनी विचारलं नव्हतं. मी त्यांच्या दुकानात गेले. शटर अर्धं वर, आत मशिनीवर कापड झाकलेलं. ते स्टुलावर बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माफी मागितली.

ते ऐकत होते. मग त्यांनी हाताने चाचपून टेबलावरची कात्री उचलली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मुझसे कपड़ा ग़लत कट जाए तो मैं ग्राहक को नया कपड़ा लाकर देता हूँ. आप क्या लाकर दोगी?"

मी तिथेच खाली, फरशीवर, कापडाच्या तुकड्यांत बसले. मग त्यांनी विचारलं, "ठीक होगा?"

"उम्मीद है," मी म्हटलं. "पक्का नहीं बता सकती."

"चलो. आज सच तो बोल रही हो."

त्यानंतर रोज मी त्यांना दुकानातून गाडीने तपासणीला न्यायचे आणि परत सोडायचे. वाटेत मी एकदा रेडिओ लावला, त्यांनी हात पुढे करून बंद केला. सूज हळूहळू उतरायला लागली. दुसरा आठवडा संपता संपता त्यांनी तक्त्यावरची मधली ओळ वाचली, मग खालची. शेवटची ओळ वाचली तेव्हा मी टाळीच वाजवणार होते. सिस्टरांनी मागून माझा कोट ओढला. दोन दिवसांनी मी न्यायला गेले तर मशिनीवरचं कापड निघालं होतं आणि मास्टरजी एका हिरव्या ब्लाउजला हुक लावत होते. वर न बघता म्हणाले, "बैठिए. छह हुक बाक़ी हैं." मी सहा हुक होईपर्यंत बसले. त्या दिवसापर्यंत मला कुणी 'बैठिए' म्हणाल्याचं इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र त्यांनी माझ्याकडून करून घ्यायला साफ नकार दिला. "बड़े सर करेंगे," म्हणाले. मी हिरमुसून सिस्टरांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. त्याच्या जागी मी असते तर हॉस्पिटलसुद्धा बदललं असतं."

सिस्टर निवृत्त होऊन आता गावी असतात. कधीमधी फोन करतात आणि सुभेदारसाहेबांच्या गुडघ्यांपासून सुरुवात करून माझ्या लग्न न करण्यावर येतात. फोनवर बोलताना मला अजूनही त्यांचे फक्त डोळेच दिसतात. आणि त्यांच्याबद्दल कुणाला काही सांगायचं झालं की मी मास्टरजींच्या त्या दुसऱ्या ऑपरेशनवर येऊन थांबते.

माझे बंदीचे तीन महिने अजून संपायचे होते. तरी त्या दिवशी सिस्टरांनी मला ट्रेजवळ उभं केलं आणि पावडरची बाटली माझ्यापुढे सरकवली. मोठ्या सरांनी पाहिलं आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळे लावले. ऑपरेशन शेवटाला आलं. तेवढ्यात कापडाखालून मास्टरजींचा आवाज आला, "दवा कौन मिला रहा है?"

सरांचे हात थांबले. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. या वेळी मात्र कुणीच माझ्यासाठी बोललं नाही.

"मैं," मी म्हटलं. "आप कहें तो कोई और मिला देगा."

मशीनचा बारीक घूं घूं आवाज येत होता. पेशंटला ऑपरेशनच्या वेळी हलायचं नाही असं सांगितलेलं असतं, आणि मास्टरजी अजिबात हलले नाहीत.

"नहीं," ते म्हणाले. "मिलाओ."

मी पावडर विरघळवली. एक भाग काढला, नऊ भागांत मिसळला. प्रत्येक पायरी मोठ्याने म्हटली. वाटी दिव्यासमोर धरली. पाण्यासारखी स्वच्छ होती. सिरिंजमध्ये औषध ओढताना माझा हात इतका थरथरला, की सुई वाटीच्या कडेला किणकिणली.

सगळं आटोपल्यावर बाहेरच्या बेसिनवर आम्ही दोघी हात धूत होतो. मी विचारलं, "सिस्टर, माझा हात थरथरत होता. सगळ्यांना दिसलं का?"

"मला दिसलं."

"सॉरी."

"सॉरी कशाला?" कोपरावरून पाणी निथळू देत त्या म्हणाल्या. "त्या दिवशी थरथरला नव्हता."